हाताएवढं गरम: दोनोस्तियातले बारा दिवस

परदेशातून आलेल्या माणसाने फोटो दाखवायचे असतात, असा आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत अलिखित नियमच आहे. मीही दाखवले. शिंपल्यासारखा वळलेला समुद्रकिनारा, मधोमध एक बेट, दोन्ही टोकांना दोन डोंगर आणि काठाकाठाने पांढरा नक्षीदार कठडा. खालच्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, "शिंदेकाका, पण ऊन कुठाय?" ऊन नव्हतंच. बारा दिवसांत ते मिळून दोन तास पडलं असेल, आणि त्या दोन तासांत मी एका शेडमध्ये होतो.

फोटो बघून झाले की लोक चहा संपवून उठतात आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांना तिकडे जायचंय त्यांना यातून काय बघावं, काय खावं याची थोडी कल्पना येईल. बाकीचं माझ्या मनातलं आहे, ते वगळून वाचलं तरी चालेल.

गावाचं नकाशावरचं नाव सान सेबास्तियन. तिथले बास्क लोक आपल्या भाषेत त्याला दोनोस्तिया म्हणतात. स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सची हद्द जवळच. एके काळी तिथे राजेराण्या उन्हाळ्यात हवा खायला यायच्या. मी फेब्रुवारीत गेलो, आणि हवा खायला गेलो नव्हतो.

मी चाकणला एका गिअर-शाफ्ट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत ग्राइंडिंगला, म्हणजे शाफ्ट घासून नेमक्या मापात आणायच्या कामाला आहे. दोनोस्तियाजवळच्या एका खोऱ्यातला कारखाना बंद होत होता, आणि तिथलं एक जुनं ग्राइंडिंग मशीन आमच्या शेठनी विकत घेतलं. आमच्या नव्या मशीनवर जो माल हमखास रिजेक्ट होतो तो ते जुनं मशीन सहज काढायचं. मात्र ते बंद होण्याआधी आमच्यापैकी कुणी तरी जाऊन ते चालवायला शिकून यायचं होतं. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं, "शिंदे, हे मशीन चाललं तर तुमचा सेक्शन चालला. नाही चाललं तर सेक्शन बंद करून काम बाहेर देणार." सेक्शनमध्ये मी आणि आणखी तिघं. मी चोपन्न वर्षांचा. या वयात बायोडेटा घेऊन चाकणच्या गेटागेटांवर उभं राहणं मला झेपणार नव्हतं. विमानात सगळे झोपले तरी माझ्या डोक्यात तेवढंच चालू होतं.

नारळ

बायकोने, आमच्या सुनंदाने, बॅगेत हळदकुंकवाच्या दोन पुड्या घातल्या होत्या. नारळ तिकडेच घे, म्हणाली. आमच्या पट्ट्यात मशीनला पूजेशिवाय कुणी हात लावत नाही. बसवायला गोरा इंजिनिअर आला असला तरी त्याच्याही कपाळाला टिळा लागतो, आणि तोही हौसेने फोटो काढून घेतो. त्यामुळे यात काही विचार करण्यासारखं आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी संध्याकाळी पोचलो तो पावसातच. पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे. अगदी बारीक भुरभुर, छत्री उघडावी की नाही ते कळत नाही आणि दहा मिनिटांत माणूस आतपर्यंत भिजलेला असतो. त्यातच हॉटेलजवळच्या दुकानातून नारळ आणला. त्याला शेंडी नव्हती, आणि फोडायला सोपं जावं म्हणून कवटीला मधोमध खाच पाडून ठेवली होती. हा देवाला कसा चालायचा, असं वाटलं. पण दुसरा नव्हता.

सोमवारी कारखान्यात गेलो. नदीकाठची लांबलचक विटांची इमारत. आत अर्ध्याहून जास्त जागा मोकळी, फरशीतून नुसते उचलून नेलेल्या मशीनांचे फाउंडेशन बोल्ट वर आलेले. अमाया नावाची प्लॅनिंगमधली मुलगी इंग्रजी जाणणारी, ती माझी दुभाषी. तिने मला आमच्या मशीनपाशी नेलं. तिथे निळ्या कोटातला एक उंच, वाळका माणूस मशीनवर तळहात टेकून उभा होता. हा जोसेबा. एकतीस वर्षं तो या एकाच मशीनवर होता.

हात मिळवून झाल्यावर मी बूट काढले, मशीनच्या पुढच्या कव्हरवर हळदकुंकवाची बोटं ओढली, हात जोडले आणि फरशीवर नारळ आपटला. खाच पाडलेला असल्याने पहिल्याच फटक्यात त्याची दोन शकलं झाली, आणि पाणी वाहत जोसेबाच्या बुटांपर्यंत गेलं. मी खोबऱ्याचे तुकडे केले. अमायाने एक घेतला. जोसेबाने घेतला नाही, तिला काही तरी विचारलं.

"हे कशासाठी, असं विचारतोय," ती म्हणाली.

मी अगदी उत्साहात सांगितलं की नवीन मशीन घरात आलं की आम्ही असं करतो. तिने ते त्याला सांगितलं. त्याने खिशातून फडकं काढलं, कव्हरवरचं कुंकू सावकाश पुसलं, फडक्याची घडी करून ते परत खिशात ठेवलं आणि एक वाक्य बोलला. अमायाने भाषांतर केलं.

"तो म्हणतोय, ते अजून आलेलं नाही."

मला तेव्हाही नीट कळलं नाही. वाटलं, माणूस तिरसट दिसतोय.

शिंपल्याच्या काठी

पुढचे चार दिवस जोसेबाने मला बटणं दाखवली. कुठलं काय करतं, तेल कुठे घालायचं, घासणारं व्हील कसं बदलायचं. एवढं तर मॅन्युअलमध्येही होतं. गंमत अशी की त्याने लावलेला जॉब पहिल्यापासून शेवटपर्यंत मापात यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तेच सेटिंग ठेवून मी लावला की पाचव्या-सहाव्या पीसला साइज पळायची, म्हणजे माप चुकायचं. मी हातवारे करून विचारायचो, तो खांदे उडवायचा. संध्याकाळी शेठचा मेसेज यायचा, "झालं का शिकून?" आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

मग मी गावात भटकायचो. जुन्या गावात बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी द्यावी घ्यावी. दोनशे वर्षांपूर्वी परक्यांच्या लढाईत हे सगळं गाव जळालं, एक गल्ली तेवढी वाचली, आणि गाव जळालं ती तारीखच त्या गल्लीचं नाव आहे. मधल्या चौकात चारी बाजूंच्या घरांच्या सज्ज्यांवर आकडे घातलेत. पूर्वी चौकात बैलांचे खेळ व्हायचे, तेव्हाचे ते बसायच्या जागांचे नंबर. आता खाली मुलं फुटबॉल खेळतात आणि भिजतात.

खायचं म्हणजे पिंचो. पावाच्या तुकड्यावर काही तरी ठेवून काडी खोचलेली असते. बारच्या काउंटरवर ताटंच्या ताटं मांडलेली. उभ्याने एक इथे खायचा, एक पलीकडच्या बारमध्ये. मी ऑलिव्ह, खारवलेला छोटा मासा आणि हिरवी मिरची एका काडीला लावलेला प्रकार घेतला. मिरची बघून बरं वाटलं होतं, पण ती अजिबात तिखट नव्हती. आजूबाजूला माणसं खांद्याला खांदा लावून हसत बोलत होती. एवढ्या गर्दीत मी एकटाच खात उभा होतो. दुसऱ्या बारमध्ये मी गेलोच नाही.

शुक्रवारी दुपारी अमायाने कॅन्टीनमध्ये मला समोर बसवून विषय काढला. म्हणाली, एके काळी या कारखान्यात दोनशे माणसं होती, आता अकरा उरलीत. शेवटच्या दिवशी मशीन थांबलं की तिची आणि जोसेबाची नोकरी संपणार. "तुम्ही आलात ते ठीक," ती म्हणाली, "पण मशीन चालू होतं. तो त्याच्याजवळ उभा होता. आणि तुम्ही नवीन मशीन आलं म्हणून सण केलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर एक वेळ समजू शकलो असतो. मी करायला नको होती.

लोखंडी कंगवे

रविवारी सकाळी आधी म्युझियममध्ये गेलो. जुन्या मठात आहे. चर्चच्या भिंतींवर छतापर्यंत पोचलेली चित्रं, सगळी काळपट सोनेरी रंगात: जहाजं बांधणारे, मासेमारी करणारे, भट्टीपुढे लोखंड ठोकणारे. देवाच्या जागी कामगारांची एवढी मोठी चित्रं मी प्रथमच पाहिली. लोखंडवाल्यांपुढे बराच वेळ उभा राहिलो. बाजूच्या दालनात कारखान्यांतली जुनी यंत्रं आणि कामाचे कपडे काचेत ठेवलेत. आमच्याकडे अजून अंगावर आहे ते इथे काचेत गेलंय.

मग किनाऱ्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला चालत गेलो. जोसेबा दर रविवारी अकराला तिथे असतो, असं अमायाने सांगितलं होतं. डोंगर जिथे समुद्रात उतरतो तिथे खडकांत वाकड्या बोटांसारखे तीन अवजड लोखंडी आकडे रोवलेत. वाऱ्याचे कंगवे म्हणतात त्यांना. एकेकाचं वजन काही टनांचं. लाटा येऊन त्यांच्यावर आपटतात, आणि मागच्या फरशीला ठेवलेल्या भोकांतून हवा फुत्कारत वर येते. लोखंड पूर्ण गंजलेलं, आणि तो गंज मुद्दाम राखलेला. आमच्याकडे एका शाफ्टवर एवढासा डाग दिसला तर अख्खा लॉट परत येतो. इथे लोक त्या गंजाचे फोटो काढत होते.

जोसेबा कठड्याला टेकून उभा होता. मला बघून त्याला आनंद झाला नाही, पण तो गेलाही नाही. मी फोनवर भाषांतराचं ॲप उघडलं आणि मराठीत बोलायला लागलो. थेंब पडून स्क्रीन सारखी अडकत होती. मी पुसायचो आणि परत बोलायचो.

मी त्याला माझ्या लेथचं सांगितलं. पिंपरीतल्या एका कंपनीत मी सतरा वर्षं एकाच लेथवर होतो. बार्शीहून आलो तेव्हा मला काही येत नव्हतं, जे काही आलं ते त्या लेथवर. कंपनी बंद पडली आणि मशीनं भंगारवाल्याला गेली. आता तिथे बावीस मजली इमारती आहेत आणि माझी बस रोज त्यांच्या समोरून जाते. तो लेथ कुठे गेला, कुणी वितळवला की कुणी चालवतंय, मला माहीत नाही.

जोसेबाने फोन हातात घेतला, दोन शब्द बोलला. "नेला तेव्हा तू कुठे होतास?"

"गावाला. मेव्हण्याच्या साखरपुड्याला."

"जायलाच हवं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "बघायला नको म्हणून गेलो."

मी सोमवारच्या नारळाबद्दल माफी मागितली. ॲपने तिचं काय केलं देव जाणे. तो समुद्राकडे बघत राहिला. निघताना मात्र म्हणाला, "गुरुवारी जेवायला ये."

बाहेरच्या माणसाने स्वयंपाकघरात यायचं नाही

तिकडे एक रीत आहे, तशी आपल्याकडे मी कुठे पाहिली नाही. दहा-वीस जुने मित्र मिळून गावात एक खोली घेतात. लांब टेबलं, मोठा ओटा, प्रत्येकाकडे किल्ली. पुरुष तिथे येऊन स्वतः रांधतात आणि एकमेकांना जेवू घालतात. पूर्वी बायकांना आत मज्जावच होता, आता जेवायला येऊ देतात. पण ओट्यापाशी फक्त सभासदांनी जायचं. आपल्याकडे बायकांच्या स्वयंपाकघरात पुरुष लुडबुडतो म्हणून त्याला हाकलतात, इथे सगळं उलटं. सुनंदाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "येताना ती रीत घेऊन या."

गुरुवारी जोसेबा सुबक अक्षरांच्या पाटीखालून मला आत घेऊन गेला. सात-आठ जण होते, सगळे साठीच्या पुढचे. त्यातले तिघे त्याच्याच कारखान्यातून आधी घरी बसलेले. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. मोकळंही कुणी बोललं नाही. मी टेबलाच्या कडेला ब्रेड कुरतडत बसलो होतो, तेवढ्यात जोसेबाने ओट्यापाशी ये म्हणून खूण केली. एक जण काही तरी बोलला. जोसेबाने तिकडे लक्ष दिलं नाही.

खारवलेल्या माशाचे चार तुकडे, लसूण, एक लाल मिरची आणि भरपूर ऑलिव्ह तेल. मातीच्या पसरट भांड्यात. बाकी मसाला नाही, मीठ नाही. मासा शिजला तसं त्याने भांडं आचेवरून उतरवलं आणि बाजूला ठेवून तो नुसता थांबला. मग भांड्याच्या बाहेरच्या अंगाला त्याने तळहात टेकला. तसाच उभा राहिला.

हा हात मी ओळखत होतो. रोज सकाळी मशीन चालू करून तो असाच हात टेकून उभा राहायचा, अर्धा तास, पाऊण तास. आपण देवळाच्या पायरीला हात लावतो तशी ती त्याची सवय असेल, असं मला वाटायचं. कॉफीचा कप दुसऱ्या हातात असायचा म्हणून मी त्याला आळस समजलो होतो.

त्याने हात काढला आणि भांडं गोल गोल हलवायला लागला. तेल बघता बघता पांढरं, दाट झालं, सायीसारखं. मग दुसरं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मी घाईघाईने हलवलं. तेलाचं तेलच राहिलं. त्याने माझं मनगट धरलं, माझा तळहात भांड्याला लावला आणि मिठाच्या बरणीला टेकवलेल्या फोनकडे तोंड करून म्हणाला, "हात कुठे संपतो आणि भांडं कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं की सुरू कर. आधी नाही."

मी थांबलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग हलवलं, आणि जमलं.

मी त्याच्याकडे बघितलं. "मशीनचंही हेच?"

तो म्हणाला, "मशीनचंही हेच." आणि मला वाढायला लागला. तो मासा मी इतका सावकाश खाल्ला की शेवटी टेबलावर मी आणि तो दोघंच उरलो.

शेवटचा दिवस

शुक्रवारी सकाळी मी मशीन चालू केलं आणि व्हीलमागच्या लोखंडावर तळहात ठेवला. आधी ते बर्फासारखं थंड होतं. मग गार, मग कोमट. पाऊण तासाने मला माझा हात आणि लोखंड वेगळं कळेना. लोखंड तापताना फुगतं आणि माप पळतं; आता ते फुगायचं थांबलं होतं. जॉब लावला. वीस पीस काढले, विसाच्या वीस मापात. अमायाने टाळी वाजवली. जोसेबाने एकेक पीस स्वतः मोजला आणि ओळीने मांडून ठेवला. बाहेर ऊन पडलं होतं, तेच ते दोन तास.

चारला मेन स्विच बंद करायचा होता. त्याआधी त्याने अमायामार्फत मला विचारलं, तुमच्याकडे मशीन घरातून जाताना काय करतात?

मी आठवून बघितलं. खरंच खूप आठवलं. "काही नाही," मी म्हणालो. "आमच्यात येणाऱ्याचं करतात. जाणाऱ्याचं काही करत नाहीत."

त्याने स्विच स्वतः पाडला. व्हील फिरत फिरत थांबायला बराच वेळ लागला. मग तो हात टेकून उभा राहिला, आणि मला कळलं की तो मशीन गार व्हायची वाट बघणार आहे. माझी पाच वाजताची गाडी होती. अमाया घड्याळ दाखवत होती. मी गेलो नाही. गाडी चुकली, पुढे विमानही चुकलं, आणि शेठनी त्यावरून मला फोनवर चांगलंच झापलं. पण या वेळी मी साखरपुड्याला गेलो नाही.

चाकण

मशीन मे महिन्यात आलं. पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. शेठच्या पत्नी, आमच्या वहिनीसाहेब, आरतीचं ताट घेऊन आल्या, नारळाला या वेळी चांगली लांब शेंडी होती. शेठ म्हणाले, "शिंदे, फोडा." मी म्हणालो, आज दुसऱ्या कुणाला फोडू द्या. मग आमच्या सेक्शनमधल्या साळव्याने फोडला, वहिनींनी कुंकू लावलं, पेढे वाटले.

अकराच्या सुमारास मी मशीन चालू केलं आणि त्याच जागी तळहात ठेवला. लोखंड आधीच गरम होतं. चालू करायच्या आधीपासूनच हाताएवढं गरम. गार नाही, कोमट नाही, त्यामुळे कळेनासं व्हायला काही उरलंच नव्हतं. आतून ते अजून तापून फुगत असणार, पण कधी थांबलं ते हाताला कळणार नव्हतं. पाऊण तास थांबलो. अंदाजाने जॉब लावला. सहाव्या पीसला साइज पळाली. परत लावला, चौथ्याला पळाली. साळवे हळूच म्हणाला, "राव, तिकडं जमत व्हतं ना?" महिनाअखेरपर्यंत बघू, एवढं शेठ म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मी जोसेबाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, तो घरातच बसला होता. त्याच्या मुलीने इंग्रजीत सांगायला मदत केली. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ते तिथे गार कधी असतं? मी म्हणालो, डिसेंबरात. त्याने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाला, "मग माझा हात तुझ्या कामाचा नाही. तुला तुझा शोधावा लागेल. मला सहा वर्षं लागली होती."

मग म्हणाला, मशीन दाखव. मी फोन फिरवला. कव्हरवरच्या कुंकवापाशी त्याने थांबायला सांगितलं. "हे तू लावलंस?"

"नाही," मी म्हणालो. "मी नाही लावलं."

"मग लाव," तो म्हणाला. "आता ते आलं आहे."

ताट अजून तिथेच होतं. एका हातात फोन धरून मी बोट कुंकवात बुडवलं आणि कव्हरवर ओढलं. तो बघत होता. मग मी तळहात परत लोखंडावर ठेवला. ते माझ्या हाताएवढंच गरम होतं, आणि मला त्यातून काहीच कळत नव्हतं.